पोस्टमनकडे उरलेली तीस मिनिटं

सकाळी अकराच्या सुमाराला गोव्यातला पोस्टमन आपल्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोचतो, तेव्हा त्याचं दीड-दोन तासांचं काम उरकलेलं असतं. ते आपल्याला दिसत नाही. टपाल वाटपात सध्या जे बदल 'प्रायोगिक तत्त्वावर' चालू आहेत, त्यांतला बराचसा गोंधळ या न दिसणाऱ्या वेळेतून निघतो. कचेरीत पत्रं मोजली जातात आणि बीटावर मिनिटं मोजली जातात. दोन्ही हिशेब जुळले नाहीत की वरून शेरा येतो, 'कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध आहे.'

बदल खरंच बरेच आहेत. सव्वाशे वर्षं चाललेला १८९८ चा टपाल कायदा गेला आणि २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभरातल्या टपाल कचेऱ्या एपीटी नावाच्या नव्या संगणक प्रणालीवर गेल्या. जुनी प्रणाली बंद करून नवी चालू करायला ठिकठिकाणी एक अख्खा दिवस व्यवहार बंद ठेवावे लागले होते. त्याच वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पोस्टमनना छोट्या कचेऱ्यांतून उठवून एका मोठ्या 'डिलिव्हरी सेंटर'मध्ये बसवायची योजनाही टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आहे. तिकडे ब्रिटनमध्ये साधी पत्रं दिवसाआड वाटायचा प्रयोग झाला, आणि तिथल्या पोस्टमनची तक्रार ऐकली तर ती आपल्या इथल्यासारखीच वाटते.

ही तक्रार नेमकी कशाची, हे समजायला आधी बीट समजून घ्यावं लागेल.

बीट डोक्यात असतं

एका पोस्टमनला वाटपासाठी नेमून दिलेला भाग म्हणजे बीट. सकाळी मेल मोटारीतून बॅगा उतरतात. सील तपासून बॅग उघडली जाते. साधी पत्रं बीटाप्रमाणे वेगळी होतात. बारकोडवाल्या वस्तू, म्हणजे स्पीड पोस्ट, पार्सल वगैरे, एकेक स्कॅन होऊन पोस्टमनच्या नावावर चढतात. त्यानंतर त्यातली एखादी हरवली तर जबाबदारी त्याची. मग येतं खरं कसबाचं काम, टपाल बीटावर लावणं. ज्या क्रमाने घरं लागणार त्या क्रमाने हातातला गठ्ठा रचायचा. हा क्रम चुकला तर तीच गल्ली दोनदा करावी लागते.

गोव्यात हा क्रम नकाशावरून लावता येत नाही. खेड्यात पत्त्याला रस्त्याचं नाव नसतं. घर नंबर, वाडा, गाव आणि फार तर 'देवळाजवळ', एवढाच पत्ता. घर नंबर पंचायत देते, आणि तो घर बांधलं गेलं त्या काळाप्रमाणे पडतो, रस्त्याच्या क्रमाने नव्हे. २१४ च्या शेजारी ८७ असू शकतो. भावाभावांत वाटणी झाली की २१४/१ आणि २१४/अ तयार होतात, आणि त्यांतलं एक घर चक्क पाणंदीच्या पलीकडे निघतं. देऊळवाडा, गावकरवाडा ही नावं तर गावोगाव आहेत.

नावांची कथा आणखी वेगळी. पोर्तुगीज काळातल्या दस्तऐवजावर कामोतीं, आधार कार्डावर कामत. कुठे सिनाय, कुठे शेणवी, आणि माणूस एकच. बँकेचं पत्र एका स्पेलिंगने येतं, मामलेदार कचेरीचं दुसऱ्या. बीटावर सहा वर्षं काढलेला पोस्टमन दोन्ही एकाच दारात टाकतो. नवखा दुसरं पत्र 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' म्हणून परत पाठवतो, आणि नियमाने पाहिलं तर तो चुकलेला नसतो.

पिन कोड याला पुरा पडत नाही, कारण तो त्यासाठी बनलेलाच नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा आकडी पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरचे, संस्कृतचे कवी आणि केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी. ४०३ म्हणजे गोवा, आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वाटप करणारी कचेरी: ४०३००१ पणजी, ४०३६०१ मडगाव. पिन टपालाला कचेरीपर्यंत आणून सोडतो. तिथून दारापर्यंतचा रस्ता पोस्टमनच्या डोक्यात असतो.

मे २०२५ मध्ये आलेला डिजिपिन हे उरलेलं अंतर भरून काढेल अशी अपेक्षा आहे. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेतांक, अशी ही रचना. उपयोग आहेच, विशेषतः वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत किंवा नव्याने उठलेल्या व्हिलांच्या रांगेत. पण चौकोन सपाट आहे. पाच मजली इमारतीतल्या एकावर एक असलेल्या पाचही फ्लॅटना तोच संकेतांक लागतो. आणि घर कुठे आहे ते त्याने कळलं तरी फाटक कोणत्या बाजूला आहे, कुत्रा बांधलेला आहे की मोकळा, आणि पावसात मधली वाट पाण्याखाली जाते का, हे कळत नाही.

मिनिटांचा हिशेब

आता एक कल्पित बीट घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण रचना खरी आहे.

आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. सकाळची बॅग, स्कॅनिंग आणि बीटावर लावणं यात ९० जातात. परत आल्यावर न वाटलेल्या वस्तू परत करणं, शेरे तपासणं, पैशाचा हिशेब देणं यात ४५. जेवणाची ३०. राहिली ३१५. त्यातली ११० निव्वळ फिरण्यात जातात, दुचाकीवर असला तरी, कारण वाड्यात शिरायचं म्हणजे गाडी लावून चालायचंच. उरली २०५. साधी १२० पत्रं, दर पत्राला २० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं. उरली १६५. बारकोडवाल्या ४५ वस्तू, प्रत्येकी ३ मिनिटं: हाक मारणं, कोणी बाहेर येईपर्यंत थांबणं, नाव विचारणं, पडद्यावर सही घेणं, स्कॅन. झाली १३५. हातात राहिली ३०.

ही तीस मिनिटं म्हणजे आराम नव्हे. टायर पंक्चर होणं, फेरीबोट चुकणं, आजीबाईंनी पेन्शनबद्दल चार प्रश्न विचारणं, मुसळधार सर, सर्व्हर अडकणं, सगळं यातूनच भागवायचं. दिवाडी किंवा चोडणसारख्या बेटावरच्या टपालाचा विचार करा. फेरी पाण्यावर काही मिनिटंच असते, पण ती पलीकडच्या काठावर उभी असताना आपण अलीकडे असलो तर तीसपैकी निम्मी मिनिटं तिथेच संपतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या हिशेबात दोन प्रकारची मिनिटं आहेत. काही मिनिटं टपाल कमी झालं की कमी होतात, काही होत नाहीत. साधी पत्रं १२० वरून ६० वर आली, तर वाचतात फक्त २० मिनिटं, कारण फिरण्याची ११० तशीच राहतात. पत्र एक असो की तीन, त्या दारापर्यंत जावंच लागतं. उलट बारकोडवाल्या वस्तू ४५ च्या ६० झाल्या की ४५ मिनिटं वाढतात. जगभर नेमकं हेच झालं आहे. पत्रं घटली, पार्सलं वाढली. म्हणून 'टपाल कमी झालं, मग पोस्टमनला काम काय?' हा प्रश्न ऐकायला रास्त वाटतो, पण उत्तर उलटं येतं.

याशिवाय पोस्टमन आता बँकही झाला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक आली. तेव्हापासून आधारवर अंगठा घेऊन घरपोच पैसे देणं, आधारला मोबाइल नंबर जोडणं, नोव्हेंबर आला की पेन्शनरांचे डिजिटल हयातीचे दाखले ही कामं त्याच पिशवीत येऊन पडली. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा पहिल्या खेपेला लागत नाही. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहण्यात दहा मिनिटं सहज जातात. बीट आखताना ही दहा मिनिटं मोजली जातात का, हा पोस्टमनचा जुना प्रश्न आहे.

एकाच छताखाली

डिलिव्हरी सेंटरची कल्पना मुळात वाईट नाही, हे आधी मान्य करायला हवं. तीन पोस्टमनच्या छोट्या कचेरीसाठी वेगळी बॅग बांधा, लेबल लावा, सील करा, गाडी थांबवा, तिथे पुन्हा उघडा, हे सगळं रोज करावं लागतं. दहा कचेऱ्यांचे पोस्टमन एका मोठ्या जागेत आणले तर दहा बॅगांची एक होते. पार्सलं ठेवायला जागा मिळते, टेम्पो आत येतो, एक पोस्टमन रजेवर गेला तर दुसरा हाताशी असतो. जुन्या कचेऱ्या या कामासाठी बांधलेल्याच नव्हत्या. पणजीचं मुख्य टपाल कार्यालयच मुळात पोर्तुगीज काळातली तंबाखूची वखार. इमारत देखणी आहे, पण मिक्सर आणि बुटांची खोकी रचून ठेवायला ती कोणी बांधली नव्हती.

हा आराखडा गोव्याच्या भूगोलावर ठेवला की काय होतं ते पाहू. समजा केंद्र म्हापशाला आणि बीट हणजुण्याला. अंतर आठ-एक किलोमीटर. पावसाळ्यात सकाळी वीस मिनिटं लागतात, म्हणजे जाऊन-येऊन ४०. वरच्या हिशेबात उरलेली ३० मिनिटं इथे संपली, आणि दहा मिनिटं उधार झाली. डिसेंबरात पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांमागे अडकलं तर उधारी दुप्पट-तिप्पट. केंद्राची योजना करणाऱ्याने हणजूणचं अंतर किलोमीटरमध्ये धरलं असेल, पण ते महिन्याप्रमाणे बदलतं.

ग्राहकाच्या बाजूने अडचण निराळी आहे. घर बंद असलं की पोस्टमन चिठ्ठी ठेवतो, आणि वस्तू साधारण सात दिवस ठेवून मग परत पाठवली जाते. पूर्वी चिठ्ठी घेऊन माणूस गावच्या कचेरीत जायचा. पोस्टमन केंद्रात गेला की वस्तूही केंद्रात जाते. गावच्या खिडकीवर विचारलं तर 'इथे नाही, म्हापशाला जा.' खिडकीवरच्या क्लार्कचा यात काही दोष नसतो, पण बोलणी तोच खातो. चिठ्ठीवर केंद्राचा पत्ता, वेळ आणि फोन छापलेला नसला तर दोन खेपा होतात. वस्तू गावच्या कचेरीतच ठेवायची सोय करता येते, पण मग कोणीतरी ती रोज संध्याकाळी तिथे नेऊन पोचवायला हवी, म्हणजे बॅग वाचवून केलेली बचत तिथेच गेली.

केंद्रासोबत येते बीटांची फेरआखणी, आणि नाराजीची सर्वांत दुखरी नस हीच आहे. नकाशावर दोन अर्धी बीटं जोडून एक पूर्ण करणं सोपं असतं. पण वाटप करणारा माणूस बदलला की सहा वर्षांची माहिती शून्यावर येते. हणजूण-वागातोरच्या बाजूला तर भाडेकरू सहा महिन्यांनी बदलतात. कुठल्या व्हिलाचा वॉचमन पार्सल घेतो, कोणता घेत नाही, हे दर हंगामात नव्याने शिकावं लागतं. नव्या बीटावर हात बसायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात परत जाणाऱ्या वस्तू वाढतात. प्रयोगाच्या अहवालात हे 'कर्मचाऱ्याची कामगिरी' या रकान्यात दिसतं.

ओटीपी आणि नावावरचं टपाल

रजिस्टर आणि स्पीड पोस्ट यांच्यातला जुना फरक बऱ्याच लोकांना माहीत नव्हता. स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जायचं, घरातल्या कोणीही घेतलं तरी चालायचं. रजिस्टर नावावर असायचं, ज्याचं नाव त्यालाच किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाला. दोन्ही एक झाल्यावर नावावर देण्याची सोय गेली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून ती स्पीड पोस्टवर पाच रुपये अधिक जीएसटी भरून घ्यायची जोडसेवा झाली. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू देण्याची सोयही तशीच, पाच रुपये अधिक जीएसटी.

पाठवणाऱ्याला हे सुटसुटीत वाटतं. वाटणाऱ्याच्या हातात मात्र आता सगळी पाकिटं वरवर सारखी दिसतात, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा असू शकतो: हे कोणालाही द्या, हे फक्त नावाच्या माणसाला द्या, हे ओटीपीशिवाय देऊ नका. पूर्वी रजिस्टरचं पाकीट नुसतं बघून ओळखू यायचं. आता लेबल आणि पडदा नीट वाचायचा, आणि तोही पावसात. ओल्या बोटाने टचस्क्रीन चालत नाही, भिजलेला बारकोड स्कॅन होत नाही, मग तेरा अक्षरी नंबर हाताने टाइप करायचा. चूक झाली आणि नावावरची वस्तू शेजाऱ्याकडे गेली तर चौकशी पोस्टमनची. कोर्टाची नोटीस असेल तर प्रकरण आणखी वाढतं, कारण १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये नोटीस बजावली गेली असं गृहीत धरण्याचा आधार 'रजिस्टर पोस्ट' हाच आहे.

ओटीपीची खरी अडचण गोव्यात नेटवर्कपेक्षाही माणसं कुठे आहेत याची आहे. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागात रेंज नसते हे खरंच. पण ज्याच्या नावाचं पाकीट तो बोटीवर, म्हणजे क्रूझवर नोकरीला, फोन समुद्रात बंद, आणि दारात उभी आई. ओटीपी गेला कॅरिबियन समुद्रात. पोस्टमन त्या आईला वीस वर्षं ओळखतो, पण पडदा ओळखत नाही. आखातातल्या मुलांच्या घरी तीच गत, फक्त तिथे फोन लागतो आणि पाचेक मिनिटांत काम होतं. हिशेबात पाहा: दिवसाला अशा १५ वस्तू आणि प्रत्येकी फक्त एक जादा मिनिट धरलं, तरी मघाची दहा मिनिटांची उधारी पंचवीसवर जाते.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगायलाच हवी. माणूस दिवसभर घरी असतो आणि ट्रॅकिंगवर 'डोअर लॉक्ड' दिसतं, ही ग्राहकांची तक्रार खोटी नसते. संध्याकाळपर्यंत पोस्टमनच्या नावावर चढलेल्या प्रत्येक वस्तूवर काही ना काही शेरा पडावा लागतो, आणि 'वेळच पुरला नाही' हा शेरा वर कोणालाच आवडत नाही. पंचवीस मिनिटं उधार असलेला पोस्टमन शेवटच्या सात-आठ दारांपर्यंत पोचतच नाही. मग बंद दाराचा शेरा पडतो. हे चूकच आहे. पण त्याचा परिणाम असा की प्रयोगाच्या आकड्यांत लोक घरी सापडत नाहीत असं दिसतं, बीट लांब झाल्याचं दिसत नाही. मग उपाय म्हणून संध्याकाळच्या वाटपाचा आणखी एक प्रयोग निघतो.

ब्रिटनमधला दिवसाआड प्रयोग

स्विंडनमध्ये गोवेकर मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे रॉयल मेल या तिथल्या टपाल कंपनीचा हा विषय इथल्या काही घरांत फोनवरून आधीच पोचलेला असेल. तिथे पत्रांचे दोन दर्जे आहेत. पहिल्या दर्जाचं पत्र दुसऱ्या दिवशी पोचावं अशी अपेक्षा असते, दुसऱ्या दर्जाचं स्वस्त आणि संथ. एकेकाळी वर्षाला २० अब्ज पत्रं वाटली जात, आता सात अब्जांहून कमी. म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून ३७ वाटप कचेऱ्यांत प्रयोग सुरू झाला, आणि ऑफकॉम या नियामक संस्थेने २८ जुलै २०२५ पासून नियमच बदलू दिला. पहिल्या दर्जाचं टपाल सोमवार ते शनिवार रोज, दुसऱ्या दर्जाचं दिवसाआड आणि शनिवारी नाही. एका आठवड्यात सोम-बुध-शुक्र, पुढच्या आठवड्यात मंगळ-गुरू.

कागदावर हे छान बसतं. निम्म्या घरांची साधी पत्रं आज, निम्म्यांची उद्या, म्हणजे एका माणसाला मोठा भाग देता येतो. पण मघाच्या दोन प्रकारच्या मिनिटांची आठवण ठेवा. दिवसाआड फक्त दुसऱ्या दर्जाची पत्रं गेली. पहिला दर्जा आणि पार्सलं रोजचीच आहेत, म्हणजे त्या गल्लीत जाणं टळत नाही. टळतात ती काही दारं. उलट ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवशी गठ्ठा दुप्पट. आणि भाग मोठा झाल्यामुळे ज्या गल्ल्या त्या माणसाने कधी पाहिल्या नाहीत त्याही त्याच्याच. पाळीच्या दिवशी वाटून झालं नाही तर ते टपाल आणखी मागे जातं. तिथल्या सीडब्ल्यूयू या कामगार संघटनेचा आक्षेप याच मुद्द्यांवर आहे: ठरलेल्या वेळेत ही फेरी पूर्ण होत नाही.

त्यातच लक्ष्यंही सैल झाली. पहिल्या दर्जाचं दुसऱ्या दिवशी पोचण्याचं लक्ष्य ९३ टक्क्यांवरून ९०, दुसऱ्या दर्जाचं तीन दिवसांत पोचण्याचं ९८.५ वरून ९५. प्रत्यक्षात २०२४-२५ मध्ये पहिल्या दर्जाचं सुमारे ७७ टक्केच वेळेत पोचलं होतं, आणि त्याबद्दल ऑफकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये २.१ कोटी पौंड दंड केला. डेन्मार्कने तर प्रश्नच मिटवला. तिथल्या पोस्टनॉर्डने २०२५ अखेर पत्रं वाटणंच बंद केलं.

आपल्याकडे साधं पत्र दिवसाआड वाटायचं अधिकृत धोरण असो वा नसो, माणूस कमी पडला की ते आपोआप होतंच. बारकोड असलेलं आधी जातं, कारण त्याचा हिशेब वर दिसतो. बिनबारकोडचं साधं टपाल दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्याखाली सरकतं. त्याचा माग कुठेच नसल्याने तक्रारही कुठे नोंदत नाही.

प्रयोगात दिसतं एक, नंतर घडतं दुसरं

सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत प्रयोग बहुधा चांगला चालतो. अधिकारी जातीने हजर असतात, जादा माणसं दिलेली असतात, निवडक पोस्टमन घेतलेले असतात, बिघडलेला फोन त्याच दिवशी बदलून मिळतो. अहवाल जातो, जादा माणसं निघतात, आणि तोच आराखडा सगळीकडे लागू होतो. महिना कोणता निवडला हेही बघावं. गणेश चवथीच्या आठवड्यात पणजी-वास्कोतले फ्लॅट कुलूपबंद असतात, कारण माणसं मूळ घरी गेलेली. त्याच दिवसांत खेड्यातल्या बीटावर गर्दी. या आठवड्याचा आकडा शहराला आळशी आणि खेड्याला कार्यक्षम ठरवेल. सरासरीवर बीट आखलं तर चवथीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी काय होतं, ते सरासरी सांगत नाही. पोस्टमनला सरासरी दिवस मिळत नाही, कधी सोमवार मिळतो तर कधी सुट्टीनंतरचा मंगळवार.

खेड्यांत हाच प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तिथे वाटप करणारा बहुधा ग्रामीण डाक सेवक असतो. तो खात्याचा नियमित कर्मचारी मानला जात नाही. त्याचा भत्ता कामाच्या तासांवर बांधलेला आहे, चार तास किंवा पाच तास. १ जुलै २०१८ पासूनच्या दरांनी या सेवकांपैकी ब्रांच पोस्टमास्तरला चार तासांचे किमान १२,००० आणि पाच तासांचे १४,५००, त्याच्या सहायकाला १०,००० आणि १२,०००, वर महागाई भत्ता. हे दर मिळवायलाही त्या वर्षी मे-जूनमध्ये देशभर संप करावा लागला होता. नियमित पोस्टमनचा मूळ पगार २१,७०० पासून सुरू होतो. आता सर्व्हर सकाळी अर्धा तास अडकला तर आठ तासांच्या माणसाचा सोळावा हिस्सा जातो, चार तासांच्या माणसाचा आठवा. काम तेवढंच राहतं, ते भत्त्याबाहेरच्या वेळेत होतं. नवीन ॲप आलं, नवीन योजनेची खाती उघडायचं लक्ष्य आलं, तरी चार तासांचे साडेचार कोणी लिहीत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी प्रयोग सुरू होण्याआधीच मोजता येतात: केंद्रापासून पहिल्या दारापर्यंतचं अंतर हंगामाप्रमाणे, बारकोडवाल्या वस्तूंना दारात लागणारा खरा वेळ, बँकेच्या कामांची मिनिटं, आणि वाटपाला निघायची वेळ टळून किती वाजता माणूस प्रत्यक्ष बाहेर पडला ती. शेवटची नोंद सर्वांत सोपी आणि सर्वांत बोलकी. बाहेर पडणं साडेदहावरून पावणेबारावर गेलं, तर पुढचा सगळा दिवस पाहायची गरज नाही.

आपल्या बाजूने करता येण्यासारख्या दोन-तीनच गोष्टी आहेत, पण त्या दारातला वेळ वाचवतात. घर नंबर फाटकावर, रस्त्यावरून वाचता येईल असा लिहा. २१४/अ असेल तर 'अ' ठळक. पेटी फाटकावर लावा, बाल्कांवात, म्हणजे ओसरीत, आत नको. घरातली जितकी आडनावं आणि स्पेलिंगं टपालावर येतात तितकी पाटीवर असू द्या, माहेरचं नाव आणि जुनं पोर्तुगीज स्पेलिंग धरून. ज्यांच्या घरचं माणूस बोटीवर आहे त्यांनी ते निघण्यापूर्वी, आपलं टपाल कोणाला द्यावं याचं सही केलेलं अधिकारपत्र ओळखपत्राच्या प्रतीसह वाटप कचेरीत देऊन ठेवावं, आणि पासपोर्टसारखी कागदपत्रं येणार असतील तर अर्जात मोबाइल नंबर घरी असणाऱ्या माणसाचा चालतो का ते आधी विचारावं. वाटप कोणत्या कचेरीतून होतं हे मात्र खात्री करून घ्या. गावची कचेरी आणि वाटपाची कचेरी आता एकच असेल असं नाही.